गावाकडच्या आईवडिलांना डिजिटल फोटोफ्रेम भेट देताना

आपण पुण्यात राहता आणि या दिवाळीत माहेरी औसा तालुक्यातील गावी आई-अण्णांना व सासरी नांदेडला सासू-सासऱ्यांना एकेक डिजिटल फोटोफ्रेम देण्याचा आपला विचार आहे. दोन्ही घरांसाठी एकसारखीच फ्रेम घ्यावी का, वाय-फायची घ्यावी की मेमरी कार्डची, वयस्कर माणसांना ती झेपेल का, आणि ती न सांगता अचानक पोहोचवावी का, असे आपले प्रश्न आहेत. जुने फोटो स्कॅन करणे, दुरुस्त करणे आणि अशा फ्रेममध्ये भरून देणे हे काम माझ्या लातूरच्या स्टुडिओत बऱ्याच वर्षांपासून चालते, त्या अनुभवावरून लिहितो. दोन्ही घरी एकसारखीच फ्रेम द्या, ती वाय-फायची असली तरी नेटशिवायही फोटो दाखवणारी असावी, ती अचानक देऊ नका, आणि फ्रेम निवडण्यात जेवढा वेळ घालवाल त्याच्या कितीतरी पट वेळ आत घालायचे फोटो निवडण्यासाठी राखून ठेवा.

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. पहिल्यात पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लावायचे आणि त्यातील फोटो आळीपाळीने पाहायचे. नवीन फोटो घालायचे झाले तर कोणीतरी कार्ड काढून न्यावे लागते. दुसरा प्रकार वाय-फायला जोडला जातो आणि घरातील कोणीही, कोठूनही, मोबाइलमधील ॲपमधून त्यावर फोटो पाठवू शकतो. या दुसऱ्या प्रकारातही एक भेद आहे, जो विक्रेते सहसा सांगत नाहीत. काही फ्रेम आलेला फोटो स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतात, त्यामुळे नेट बंद पडले तरी आधीचे फोटो दिसत राहतात. काही फ्रेम मात्र कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असतात आणि नेट गेले की त्यांचे बरेचसे काम थांबते. शिवाय सर्व्हरवरील मोफत सोय कायम राहीलच असे गृहीत धरता येत नाही. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद करून नवे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत आणले, आणि ३१ मार्च २०२५ पासून बाहेरच्या ॲपना आपल्या फोटोसंग्रहात मिळणारा प्रवेशही मर्यादित केला, त्यामुळे गूगलच्या अल्बमवर विसंबलेल्या अनेक फ्रेमची जोडणी नव्याने करावी लागली. म्हणून दुकानात वा ऑनलाइन विचारायचा पहिला प्रश्न हाच, की नेट पूर्ण बंद केल्यावर फोटो दिसतात का आणि मासिक वर्गणी भरावी लागते का. स्वतःची मेमरी असलेली, कार्डाची खाच असलेली आणि वर्गणी नसलेली वाय-फाय फ्रेम आपल्या दोन्ही घरांना चालेल. नांदेडला घरात फायबरचे नेट असेल तर ती रोज नवे फोटो घेईल. गावात ती एरवी आतल्या फोटोंवर चालेल आणि आठवड्यातून एकदा भावाने मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू केला की साठलेले नवे फोटो उतरवून घेईल. न पोहोचलेला फोटो सर्व्हरवर किती दिवस राहतो हे प्रत्येक सेवेत वेगळे असते, तेवढे आधी पाहून घ्या.

एकसारखीच फ्रेम घ्या असे सांगण्यामागे तांत्रिक कारणाइतकेच घरगुती कारणही आहे. माहेरी दहा इंची आणि सासरी सात इंची, किंवा एकीकडे वाय-फायची व दुसरीकडे कार्डाची, अशी विभागणी आपल्याला कितीही व्यवहार्य वाटली तरी पुढच्या लग्नकार्यात दोन्ही घरे एकत्र आली की तिचा विषय निघतो. आहेर-मानपानात वाढलेल्या पिढीला वस्तूची किंमत नको असते, पण तिच्या बरोबरीकडे त्यांचे नक्की लक्ष असते.

आता विजेचा विचार, कारण गावात फ्रेम बंद पडण्याचे मुख्य कारण तेच असते. बहुतेक फ्रेममध्ये बॅटरी नसते. लाइट गेली की पडदा काळा होतो, त्याचे काही नाही. प्रश्न लाइट परत आल्यानंतरचा आहे. काही फ्रेम आपोआप सुरू होतात, तर काही मागचे बटण दाबेपर्यंत तशाच राहतात. दिवसातून दोन-तीन वेळा वीज जाणाऱ्या घरात म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक वेळी मागे हात घालून बटण शोधावे लागले, तर ती फ्रेम काही दिवसांत शोभेची वस्तू होते. म्हणून घेतल्यावर लगेच ती चालू असताना प्लग काढा, थोडे थांबून पुन्हा लावा आणि काहीही न दाबता फोटो सुरू होतात का ते पाहा. होत नसतील तर परत करण्याची मुदत असेपर्यंत बदलून घ्या. वापर फारच थोडा असतो. पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा अडॅप्टर जास्तीत जास्त १० वॅट घेतो, म्हणजे रोज १४ तास चालली तरी महिन्याला चार युनिटच्या आसपास जाईल. हा आकडा अण्णांना आधीच सांगा, कारण बिल वाढेल या समजुतीने बटण बंद करून ठेवणारे वडील मी पुष्कळ पाहिले आहेत. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पॉइंटवर फ्रेम लावावी, नसेल तर निदान स्पाइक गार्ड (विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणारी सोय) असलेला बोर्ड द्यावा.

उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. अशा पडद्यांसाठी साधारणपणे ४० अंश सेल्सिअसपर्यंतची मर्यादा दिलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरचेच तापमान त्यापलीकडे जाते. पत्र्याच्या खोलीत ते आणखी चढते. पश्चिमेची भिंत, पत्र्याखालची जागा आणि चुलीच्या धुराचा मार्ग टाळून आतल्या खोलीतील जागा निवडा आणि फ्रेममधील वेळापत्रकातून भर दुपारी व रात्री पडदा आपोआप बंद राहील असे लावून ठेवा.

आकाराच्या बाबतीत जाहिरातीतील इंचांवर विसंबू नये. १०.१ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक फ्रेमचा पडदा आडवा असून त्याचे प्रमाण १६:१० असते, म्हणजे तो सुमारे २१.७ सेंटीमीटर रुंद आणि १३.६ सेंटीमीटर उंच भरतो. मोबाइलवर आपण घरातले फोटो बहुतांशी उभे काढतो आणि त्यांचे प्रमाण ३:४ असते. असा उभा फोटो आडव्या पडद्यावर १३.६ उंच आणि केवळ १०.२ सेंटीमीटर रुंद दिसतो, म्हणजे आपल्या नेहमीच्या ४ बाय ६ इंची प्रिंटपेक्षाही लहान, आणि दोन्ही बाजूंना काळी वा धूसर जागा राहते. तीच फ्रेम उभी ठेवली तर तो फोटो १३.६ रुंद आणि सुमारे १८ सेंटीमीटर उंच होतो, आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना हा फरक फार मोठा असतो. म्हणून उभी आणि आडवी दोन्ही प्रकारे ठेवता येणारी फ्रेम घ्या. सात इंची फ्रेम ज्येष्ठांसाठी घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. पडदा आयपीएस प्रकारचा असावा, नाहीतर बाजूला बाजेवर बसलेल्या माणसाला रंग उलटे-पालटे दिसतात. रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरील ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्या, १२८० बाय ८०० असेल तर घरगुती वापराला पुरे.

ती टांगू नका, ठेवा. आपल्याकडे भिंतीवरच्या तसबिरी दाराच्या वरच्या उंचीवर असतात. फ्रेमही सवयीने तेथेच टांगली जाते आणि मग मान वर करून तिच्याकडे पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. आई दुपारी जेथे बसते तेथून चार-पाच फुटांवर, बसलेल्या डोळ्यांच्या पातळीला आणि दाराचा उजेड पडद्यावर पडणार नाही अशा जागी ती असावी.

यापुढचा भाग माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मुले फ्रेममध्ये काय भरतात? नातवंडांचे वाढदिवस, केक, पर्यटनस्थळे आणि स्वतःची नवी गाडी. हे फोटो असावेतच, परंतु ज्येष्ठ मंडळी फ्रेमसमोर खिळून बसतात ती त्यांच्या स्वतःच्या माणसांसाठी. स्टुडिओत फ्रेम चालवून दाखवताना मी नेहमी पाहतो, की नातवाचा फोटो आला की चेहऱ्यावर कौतुक येते आणि पुढचा फोटो येतो. पण आईच्या आईचा, भावाभावांचा, जुन्या वाड्याच्या ढेलजेचा किंवा पोळ्याला सजवलेल्या बैलजोडीचा फोटो आला की माणूस बोलू लागतो. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कडब्याच्या खोपीपुढे बसलेली पंगत, भज्जी-आंबिलाची भांडी, शेजारी उभा असलेला सालगडी, हे सगळे एकाच फोटोत सापडले तर त्या एका फोटोवर तासभर गप्पा होतात. म्हणून निम्म्याहून अधिक फोटो आई-अण्णांच्या आयुष्यातील घाला आणि त्यासाठी माहेरी जाऊन लोखंडी पेटीतील, देव्हाऱ्यामागील आणि मामांच्या घरातील फोटो गोळा करा. सासरचेही तसेच करा. तेथे मात्र फोटो आपण न निवडता पतीने व नणंदेने निवडावेत, कारण कोणत्या आत्याचा फोटो पुढे ठेवायचा हे त्यांनाच कळते.

जुने फोटो हाताळताना घाई करू नये. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. ओलाव्याने फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो आणि ओढताच चेहराच काचेवर राहतो. तो काचेसकट स्कॅन करता येतो. चिकट पानांच्या अल्बममधील फोटोखालून दात साफ करायचा बारीक धागा हळूहळू सरकवला तर तो बहुधा सुटतो, न सुटल्यास पानासकट स्कॅन करावा. पासपोर्ट आकाराचा, म्हणजे ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला तर सुमारे ८२७ बाय १०६३ पिक्सेलचा होतो आणि या पडद्यासाठी तो पुरतो. समूहफोटोतून एकच चेहरा वेगळा काढायचा असेल तर १२०० डीपीआय ठेवा. मोबाइलने फोटोचा फोटो काढायचाच असेल तर फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, मोबाइल अगदी समांतर धरून काढा.

आजकाल कृष्णधवल फोटो आपोआप रंगीत करणारी किंवा त्यातील माणसाला हसवणारी, मान हलवायला लावणारी ॲप सर्रास वापरली जातात. फ्रेमसाठी ती वापरू नयेत असा माझा आग्रह आहे. यंत्र लुगड्याचा रंग अंदाजाने भरते आणि आईला ते लुगडे हिरवे होते हे पक्के आठवत असते. आणि गेलेल्या माणसाला त्याने कधी न केलेली हालचाल करताना पाहून कित्येकांना धक्का बसतो. डाग, चिरा आणि घड्या काढणे ही दुरुस्ती झाली, त्यापुढे जाऊ नये.

गेलेल्या माणसांविषयी आणखी एक गोष्ट. आपल्याकडे हार घातलेला फोटो म्हणजे दिवंगताचा, हा संकेत घट्ट आहे. फ्रेममध्ये सगळे फोटो एकापाठोपाठ येतात, त्यामुळे केक कापणाऱ्या नातवानंतर लगेच आजोबांचा हार घातलेला फोटो येऊ शकतो. दिवंगतांचे फोटो जरूर घाला, पण ते हयातीतले घाला: शेतात उभे असलेले, लग्नात फेटा बांधलेले. जिथे दुःख ताजे आहे, विशेषतः घरातील तरुण माणूस गेलेला आहे, तिथे तो फोटो घालावा की नाही हे आईला आधी विचारा आणि तिचे उत्तर अंतिम माना.

प्रत्येक जुन्या फोटोखाली नावे लिहून ठेवा. बऱ्याच फ्रेममध्ये देवनागरीत ओळ टाकता येते. उजवीकडून कोण, गाव कोणते, साधारण साल कोणते, एवढे पुरे. हे काम आई-अण्णा सांगत असताना करावे, नंतर सांगणारे कोणी उरत नाही. आणि स्कॅन केलेल्या मूळ फाइल फ्रेमखेरीज निदान दोन ठिकाणी, तेही दोन वेगळ्या गावांत ठेवा. आपले माहेर औसा तालुक्यातले असल्याने याचे कारण आपल्याला सांगावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरातील घरे कोसळली तेव्हा माणसांबरोबर त्यांचे फोटोही मातीखाली गेले. त्या भागातील अनेक कुटुंबांना आपल्या माणसाचा चेहरा परत मिळाला तो सोलापूर-पुण्याच्या नातेवाइकांकडे असलेल्या एखाद्या लग्नातील समूहफोटोतून, आणि असे चेहरे मोठे करून देण्याची कामे आमच्याकडे पुढे कित्येक वर्षे येत राहिली. दुसऱ्या घरात प्रत असणे किती मोलाचे आहे हे मला त्या कामांनी दाखवले.

नव्या फोटोंच्या बाबतीत तांत्रिक अडचणी थोड्याच आहेत. आयफोन आपले फोटो हेइक (HEIC) या फाइलच्या स्वरूपात साठवतो आणि कार्डावर टाकलेले असे फोटो बऱ्याच फ्रेमना उघडता येत नाहीत. त्यांचे आधी जेपेग (JPEG) या सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात रूपांतर करा. स्वस्त फ्रेममध्ये उभे फोटो आडवे पडलेले दिसतात, कारण मोबाइलने फोटोसोबत लिहिलेली दिशेची नोंद ती वाचत नाही; असे फोटो संगणकावर फिरवून पुन्हा साठवावे लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो चालतील का, असे पुष्कळजण विचारतात. चालतात. व्हॉट्सॲप फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली आणते आणि आपला पडदा १२८० पिक्सेलचाच आहे. मात्र प्रिंट काढायला किंवा जपून ठेवायला मूळ फाइलच हवी, ती डॉक्युमेंट म्हणून मागवा.

सुरुवातीला शंभर-दीडशे फोटोच घाला. मेमरीत हजारो मावतात म्हणून सगळा मोबाइल रिकामा केला तर एकाच प्रसंगाचे वीस सारखे फोटो फिरत राहतात आणि पाहणाऱ्याचा उत्साह मावळतो. एक फोटो निदान एक-दोन मिनिटे पडद्यावर राहू द्या. कंपनीने ठेवलेले दहा-पंधरा सेकंद वृद्धांना पुरत नाहीत, चष्मा लावेपर्यंत फोटो गेलेला असतो. व्हिडिओचा आवाज बंद ठेवा.

ॲपमधून फ्रेमवर फोटो पाठवण्यासाठी लागणारा कोड मोठ्या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. फ्रेम बैठकीत असते, तिथे शेजारीपाजारी, पाहुणे, कधी गावातील पुढारीही येऊन बसतात. लहान मुलांचे आंघोळीचे, दवाखान्यातील किंवा सुनांना न आवडणारे फोटो तेथे फिरू नयेत. पाठवणारे तीन-चार जणच असावेत आणि त्यांच्यापैकी एकाने, आपल्या बाबतीत बहुधा आपणच, नको असलेले फोटो काढून टाकण्याची जबाबदारी घ्यावी. पहिल्या महिन्यात सगळे उत्साहाने पाठवतात, नंतर ओघ आटतो; म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून दोन-तीन फोटो नियमित पाठवणे अधिक बरे. ज्या दिवशी नवे पाठवाल त्या दिवशी आईला फोनवर तेवढे सांगा.

आता अचानक देण्याविषयी. वाय-फायची फ्रेम बंद डब्यातून थेट गावी पाठवली तर तिथे ती जोडायची कोणी, हा प्रश्न उभा राहतो आणि दिवाळीच्या गडबडीत ती डब्यातच राहते. त्याऐवजी आधी विचारून, जागा व पॉइंट ठरवून, फ्रेम आपल्या घरी आठवडाभर चालवून मगच न्या. बहुतेक फ्रेम फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरचे वाय-फाय पकडतात. नांदेडच्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही लहरींना एकच नाव दिलेले असेल तर जोडणी अडू शकते, तेव्हा नेट पुरवणाऱ्या माणसाकडून दोन्ही नावे वेगळी करून घ्या. सासरच्या वाय-फायचे नाव व पासवर्ड फोनवर विचारून, अक्षरांच्या लहानमोठेपणासह तंतोतंत तसाच हॉटस्पॉट आपल्या अँड्रॉइड मोबाइलवर २.४ गिगाहर्ट्झवर सुरू करा आणि फ्रेम पुण्यातच त्याला जोडा. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार जुळला तर नांदेडला प्लग लावताच ती बहुधा स्वतःहून जोडली जाते आणि सासऱ्यांना काहीच करावे लागत नाही. गावासाठी हीच युक्ती भावाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या नावाने करा आणि भाऊबीजेला तो समोर असतानाच एकदा जोडून पाहा. स्पर्शाने चालणारा पडदा असेल तर आई-अण्णांना दोनच गोष्टी शिकवा: फोटो थांबवणे आणि मागचा फोटो परत आणणे.

बिल, वॉरंटीचा कागद आणि अडॅप्टरवरील व्होल्ट-अँपिअर लिहिलेल्या भागाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण बिघाड बहुधा अडॅप्टरमध्येच होतो आणि तो स्थानिक दुकानात त्याच मापाचा मिळतो. फ्रेम दुरुस्तीला द्यायची किंवा दुसऱ्या कोणाला द्यायची झाली तर आधी सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट करून सर्व फोटो पुसा आणि कार्ड काढून घ्या.

यंदा गावात विजेची फारच ओढाताण असेल आणि भाऊही बाहेरगावी राहत असेल, तर माहेरी फ्रेमऐवजी हेच निवडलेले फोटो मोठ्या आकारात छापून, नावांसह, जाड पानांच्या अल्बममध्ये द्यावेत आणि सासरीही तसाच अल्बम द्यावा. फोटो गोळा करून स्कॅन केलेले आहेतच, त्यामुळे फ्रेम पुढच्या वर्षी घेतली तरी काम नव्याने करावे लागणार नाही.